झोपलेलं पोर ऐकत असतं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय घरातल्या मारहाणीबद्दल. मार खाणाऱ्या बाईबद्दल आपण निदान कुजबुजतो तरी. मी बोलणार आहे आतल्या खोलीत गोधडीखाली पडलेल्या पोराबद्दल. "तो झोपलेला होता," असं आई सांगते. झोपलेलं पोर ऐकत असतं.

मी मालवण तालुक्यात शाळेवर होते तेव्हाची गोष्ट. चौथीत एक मुलगा होता, त्याला आपण बाबू म्हणू. कान फार तिखट. मान न वळवता सांगायचा, "बाई, पोस्टमन इलो. सायकलची चेन वाजता." हेडमास्तर, खिचडीवाल्या मावशी, सगळ्यांना चपलांवरून ओळखायचा. वर्गाला मोठी गंमत. वडील बोटीवर खलाशी. पावसात मासेमारी बंद झाली, वडील घरी बसले, की बाबूचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडायचं नाही.

एकदा वह्या द्यायला त्यांच्या घरी गेले. पडवीत बसले होते, आई चहा टाकत होती. लांब वळणावर वडिलांची स्कूटर वाजली. बाबू उठला. आधी विळी उचलून खाटेखाली सरकवली. मग बहिणीचा हात धरला. "वळणार रेस केल्यान. आज काय खरा नाय," म्हणाला, आणि मागीलदारानं शेजारच्या काकीकडे पसार. नऊ वर्षांचं पोर, पण रोजचं काम उरकावं तसं सगळं क्रमानं केलं. ते तिखट कान असे तयार झाले होते!

काकी काही विचारायची नाही. पेज वाढायची आणि पाढे म्हणून घ्यायची. तेव्हा दोन घरांमध्ये चिऱ्याचा कमरेइतका गडगा असायचा, पोराला उडी मारता यायची. आता पुरुषभर उंच कंपाउंड, वर लोखंडी गेट, गेटला कुलूप. शेजारीण डोकावलेली नको लोकांना. असो.

बाबू आता मुंबईत नोकरी करतो. बायकोवर कधी हात उगारला नाही. पण स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी छाती धडधडते, रात्री दिवा लावूनच झोपतो. धोक्याच्या वेळी शरीर सावध होतं, ते बरंच. पण रोजच धोका असला तर ती सावधगिरी उतरतच नाही. मग झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, मोठं पोर अंथरूण ओलं करतं. 1998 साली अमेरिकेत नऊ हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी आईला मार बसताना पाहिलं का, हेही त्यांना विचारलं होतं. बालपणी असे घाव जितक्या प्रकारचे, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त दिसलं. प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही. एखादी काकी असली तर फार फरक पडतो. पुन्हा सांगते, एखादी काकी असली तर.

आणि दारूवर खापर फोडू नका. तोच माणूस कितीही प्यायला तरी बोटीच्या मालकावर हात टाकत नाही.

आता नंबर लिहून घ्या. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181. फोन शेजाऱ्यानं केला तरी चालतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.