आधीचा मालक कुठे थांबला?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन तऱ्हेची माणसं गाठत आहेत. एक विचारतात, "पडून असलेली जुनी बोट स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" दुसरे बाजूला घेऊन हळूच विचारतात, "घेतली होती हो, कुणी घेईल का?" दोन्ही पक्ष आज सभागृहात शेजारी शेजारी बसलेले दिसतात, तेव्हा मला जरा जपून बोलावं लागणार.

"ही बोट दुरुस्त होईल का?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं असतं: होईल. कुजलेली फळी बदलता येते, फायबरचा तळ कापून पुन्हा भरता येतो, इंजिन नवं बसवता येतं. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका 1628 साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. 1961 साली तिला वर काढलं आणि लाकूड वाळताना आकसून तडकू नये म्हणून 17 वर्षं तिच्यावर मेणासारख्या एका रसायनाचे फवारे मारले. आज ती संग्रहालयात उभी आहे. त्या मानाने तुम्ही हेरलेली बोट म्हणजे किरकोळ काम. फरक एवढाच की वासाच्या मागे एक सरकार उभं होतं, आणि तिला पुन्हा पाण्यात उतरायचं नव्हतं.

म्हणून मी दुसराच प्रश्न विचारायला सांगतो. अर्धवट दुरुस्तीत सोडलेली बोट बघायला गेलात की आधीच्या मालकाने काम कुठे थांबवलं ते शोधा. माणूस बोटीचं काम हाती घेतो तेव्हा हौसेची कामं आधी करतो. केबिनमधल्या लाकडाला व्हार्निश, नव्या गाद्या, घासून लख्ख केलेलं पितळ. मग एक दिवस तो डेकवरचा एखादा खांब काढतो, खालचं लाकूड ओलं आणि काळं निघतं, आणि तिथून पुढे कामाचा वेग मंदावतो. विक्रीला आलेल्या अशा बोटी मी बघतो तेव्हा सुट्या भागांचे खोके आवर्जून उघडतो. पहिल्या खोक्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या असतात: 'डावी बाजू, पुढची खिडकी, स्क्रू 8'. मधल्या खोक्यांवर नुसतं 'खिडक्या'. शेवटच्या खोक्यावर 'इतर', आणि आत सगळं एकत्र कोंबलेलं. या माणसाचा उत्साह कधी आणि कुठे संपला, ते खोके विक्रेत्यापेक्षा खरं सांगतात. तो जिथे थांबला तिथेच तुमचा खर्च सुरू होणार. त्याला न झेपलेलं काम तुम्हाला का झेपेल, याचं उत्तर देता येत असेल तर पुढे बोलू.

न झेपणारी कामं फारशी नसतात, आणि तीच ती पुन्हा पुन्हा भेटतात. फायबरच्या बोटीत पहिला नंबर डेकचा. लोक तळाची काळजी करतात. तळावर फोड आलेले दिसले की घाबरतात, एखादा फोडून आतल्या द्रवाचा व्हिनेगरसारखा वास घेऊन आणखी घाबरतात. तळाचे फोड कटकटीचे खरे. थर घासून काढायचा, तळ महिनोन् महिने वाळू द्यायचा, पुन्हा लेप द्यायचा. पण फोडांमुळे बुडालेली बोट सहसा ऐकायला मिळत नाही. डेकची गोष्ट वेगळी. वजन कमी राहावं म्हणून बहुतेक डेक फायबरच्या दोन पातळ थरांचे असतात आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवुड भरलेलं असतं. वर बसवलेल्या प्रत्येक खांबासाठी, दोर गुंडाळायच्या प्रत्येक खुंटीसाठी त्याला भोकं पाडलेली असतात. भोकाभोवतीचं सील काही वर्षांत सुटतं, पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून काहीच दिसत नाही.

दिसत नसलं तरी ऐकू येतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत चला. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. कुजलेल्या जागी तो एकदम बसतो, ठसठशीत टकटक जाऊन नुसता थप्प. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. अर्ध्या तासात डेकवर एक नकाशा तयार होतो. खुणा दोन-तीन खांबांच्या बुडाशी असतील तर काम चार-सहा शनिवार-रविवारचं आहे. डोलकाठीच्या बुडापासून दोन्ही कडांपर्यंत नकाशा पसरला असेल, तर वरचा थर कापून काढायचा, कुजकं लाकूड खरवडायचं, नवं भरायचं आणि कडा जाडीच्या बारापट रुंदीने उतरत्या घासून पुन्हा फायबर चढवायचं. ते काम आडोशाखाली, कोरड्या हवेत करावं लागतं. विक्रेता सोबत असेल तर खडूच्या खुणा त्याच्यासमोरच करा. त्याने सांगितलेली किंमत त्याला स्वतःलाच जास्त वाटू लागते.

दुसरी जागा म्हणजे डोलकाठीला ताठ धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात त्या. या पट्ट्या डेकमधून खाली उतरतात आणि नेमक्या डेकच्या जाडीत, जिथे हवा पोचत नाही पण पाणी झिरपतं, तिथे गंजतात. वर आणि खाली स्टेनलेस स्टील लखलखीत, मधला एक इंच पोखरलेला. कील, म्हणजे बोट कलंडू नये म्हणून तळाखाली जोडलेला जड भाग, त्याचे बोल्टही तसेच. कील आणि तळ जिथे जुळतात त्या रेषेवर तांबूस ओघळ दिसला तर निदान एक बोल्ट काढून बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. ताराही दहा-पंधरा वर्षांत बदलायच्याच असतात, तो खर्च आधीच धरून चला.

लाकडी बोटीची तपासणी मला व्यक्तिशः जास्त आवडते. तिथे एक साधी टोचणी पुरते. लाकूड कुजतं ते बहुधा पावसाच्या पाण्याने. खारं पाणी कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. म्हणून टोचायचं ते जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे: डेकच्या कडांखाली, मागच्या फळीच्या कोपऱ्यांत, खिडक्यांच्या चौकटींखाली. खाऱ्या पाण्यात धोका लाकूड पोखरणाऱ्या जहाजकिड्याचा. नाव किड्याचं असलं तरी तो शिंपल्याच्या जातीतला प्राणी आहे. बाहेर टाचणीएवढं भोक ठेवतो आणि आत फळीची चाळण करतो. ओक लाकडात लोखंडी खिळे असतील तर प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडून मऊ झालंय का बघा. शेवटी बोटीपासून लांब जाऊन तिच्या वरच्या कडेची रेषा डोळ्यांनी जोखा. वर्षानुवर्षं चुकीच्या टेकूंवर उभी राहिलेली बोट मधे उंच आणि टोकांना खाली होते. तो बाक काढणं हे फळ्या बदलण्याहून कितीतरी अवघड.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बघायला जाल तेव्हा सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी ते चालवून ठेवलंय, आणि थंड इंजिन का सुरू होत नाही ते तुमच्यापासून लपवलंय. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. जॅम इंजिन "थोडं तेल सोडलं की फिरेल" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान डोलावतो. नव्या डिझेल इंजिनाची किंमत अशा बोटीच्या किमतीपेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे.

आता कुणीतरी जोशुआ स्लोकमचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. 1892 साली अमेरिकेतल्या फेअरहेवन गावी एका ओळखीच्या कप्तानाने त्याला 'स्प्रे' नावाची जुनी बोट फुकट देऊ केली. ती कुरणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी होती; देणाऱ्याच्या मनात थोडी थट्टाही होती. स्लोकमने जवळचं ओकचं झाड पाडून नवा कणा केला, वाफेवर फासळ्या वाकवल्या, जवळजवळ सगळी बोट नव्याने बांधली. 13 महिने लागले, साहित्याला 553 डॉलर 62 सेंट लागले. 1895 साली तो बोस्टनहून निघाला आणि 1898 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस होऊन परतला.

हा हिशोब सांगून आजवर बऱ्याच मोडक्या बोटी खपल्या आहेत. पण हिशोबात काय धरलेलं नाही ते बघा. मजुरी धरलेली नाही. स्लोकम आयुष्यभर शिडाच्या जहाजांवर कप्तान होता. आधी ब्राझीलमध्ये जहाज गमावल्यावर त्याने स्वतः बोट बांधून त्यातून कुटुंबाला अमेरिकेला आणलं होतं. त्या सुमाराला त्याच्या हाताला जहाज नव्हतं, म्हणजे वेळ होता. बोट कुरणात होती, दर महिन्याला भाडं मागणाऱ्या यार्डात नव्हती. आणि ती जेमतेम 37 फूट होती. कौशल्य, वेळ, जागा आणि आवाक्यातला आकार, चारही त्याच्याकडे होतं. तुमच्याकडे यातलं काय आहे आणि काय विकत घ्यावं लागणार आहे, ते कागदावर लिहा.

आकाराबद्दल तर मी हट्टीच आहे. वीस फुटी बोट बघायला गेलेला माणूस चाळीस फुटीच्या प्रेमात पडून परत येतो, कारण मागितलेली रक्कम जवळपास सारखीच असते. पण लांबी दुप्पट झाली की घासायचं आणि रंगवायचं क्षेत्रफळ साधारण चौपट होतं, वजन आठपट. नांगर, दोर, शिडं, उचलायची क्रेन, सगळं त्या वजनाच्या हिशोबाने महागतं. मोठी पडीक बोट स्वस्त का मिळते याचं कारण या गणितातच आहे.

फुकटच्या बोटीबद्दलही तेच. फायबर कुजत नाही, जाळता येत नाही, सहज पुनर्वापरही होत नाही. बोट मोडीत काढायलाच पैसे मोजावे लागतात. फुकट देणारा तो खर्च तुमच्या गळ्यात घालतो आहे. त्यात कागदपत्रं. बऱ्याच देशांच्या सागरी कायद्यात काही देणी मालकाबरोबर जात नाहीत, बोटीलाच चिकटून राहतात: खलाशांचा थकलेला पगार, संकटातून बोट वाचवल्याचा मोबदला, काही ठिकाणी दुरुस्तीची बिलंही. मालकी निर्विवाद नसेल तर टोचणी खिशातून काढूच नका.

एक धोक्याची सूचना. जुन्या तळाचा रंग कोरडा घासू नका. समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून पूर्वी त्यात कथिलाची विषारी संयुगं घालत. त्यांच्यावर 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे, पण खालच्या थरांत ती असू शकतात. जुन्या रंगात शिसंही असतं. ओलं करून घासा, चांगला मास्क लावा, धूळ गोळा करा.

एवढं ऐकूनही ज्यांना बोट घ्यायचीच आहे, त्यांना माझा विरोध नाही. काही माणसांना समुद्रात जाण्यापेक्षा रंधा मारण्यातच सुख असतं, आणि त्यांनी ते मोकळेपणी कबूल केलं तर घरातले वादही कमी होतात. ज्यांना मात्र येत्या मोसमात शीड उभारायचंय, त्यांनी पाण्यात चालत असलेली, दिसायला कळकट बोट घ्यावी आणि दर पावसाळ्यात एक काम उरकावं. पडीक बोट घेतलीच तर पहिला खर्च हवा खेळती राहील अशा छपराचा करा, मग पाणी आत येण्याच्या सगळ्या वाटा बंद करा, मग तारा, सुकाणू, इंजिन.

आणि पैसे देण्याआधी सर्वेअर, म्हणजे बोटींची तपासणी करणारा जाणकार, आणा. तो तुम्ही निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नको. बोट पाण्यात असेल तर बाहेर काढून तळ बघायचा, आणि काढल्या काढल्या बघायचा, कारण फोड सुकले की दबतात. विक्रेता "तळ उत्तमच आहे, कशाला क्रेनचा खर्च" म्हणाला, तर तो खर्च मी करतो म्हणा. तरीही त्याने टाळाटाळ केली तर त्याचा चहा प्या आणि परत या.