जिंकलात, तर साथीदार जाणार

पडद्यावर आपले तीन खेळाडू, समोर त्यांचे तीन. मध्ये एक तेजस्वी गोळा आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक पेटलेलं अग्निकुंड. आपलं कुंड राखायचं आणि गोळा त्यांच्या कुंडात पोचवायचा. ज्यांचं कुंड आधी विझेल, ते हरले.

हा आहे ‘पायर’. ‘सुपरजायंट गेम्स’ या अमेरिकेतल्या छोट्या स्टुडिओनं जुलै २०१७ मध्ये आणलेला गेम. ‘बॅस्टियन’ आणि ‘ट्रान्झिस्टर’ या लढायांच्या गेम्समुळे स्टुडिओचं नाव झालं होतं. तशाच लढाया पुन्हा रचणं त्यांना सोपं होतं. त्यांनी मात्र चित्रकथा, रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राच्या भूमिकेतून खेळणं) आणि मैदानी खेळ एकाच गोष्टीत गुंफायचं ठरवलं.

ही गोष्ट घडते कॉमनवेल्थ नावाच्या राज्याबाहेर. त्या राज्यात लिहिणं-वाचणं गुन्हा आहे. आपल्याला वाचता येतं, म्हणून आपली हद्दपारी झालेली. डाउनसाइड या हद्दपारांच्या उजाड प्रदेशात आपण अर्धमेले पडलेले असताना तिघं जण आपल्याला उचलून त्यांच्या गाडीत घेतात. हेडविन, सैन्यातून पळालेला. जोडॅरिएल, एकेकाळची सैनिक. इथल्या वास्तव्यानं तिच्या डोक्यावर शिंगं उगवली आहेत. आणि रुकी, मिश्या राखणारा बोलका कुत्रा. त्यांच्याजवळ एक ग्रंथ आहे, पण तो वाचणारं कुणी नाही. त्या ग्रंथात विधी सांगितले आहेत. हे विधी म्हणजेच सामने, आणि घरी परतायची वाट त्यांच्यातूनच जाते.

सामन्याचे नियम फार विचारपूर्वक बांधले आहेत. एका वेळी आपल्या तिघांपैकी एकच खेळाडू हलवता येतो. प्रत्येकाभोवती तेजोवलय असतं. प्रतिस्पर्धी त्याला शिवला की काही क्षण मैदानातून नाहीसा होतो. पण गोळा हाती घेतला की आपलं वलय विझतं. म्हणजे ज्याच्याकडे गोळा, तोच सगळ्यांत असुरक्षित. गोळ्यासकट कुंडात उडी घेणाऱ्याला पुढच्या फेरीत बाहेर बसावं लागतं, मग ती फेरी उरलेल्या दोघांनी खेळायची. जोडॅरिएल संथ, पण तिच्या उडीनं कुंड बरंच विझतं. रुकी चपळ, त्याचा घाव हलका.

सामन्यांच्या मधल्या वेळात गाडी पुढे जात राहते आणि सोबती बोलत राहतात. जेन झी यांनी रंगवलेली ही माणसं आणि प्राणी चित्रांत स्थिरच असतात, तरी ती ओळखीची होतात. ग्रेग कसाविन यांचं लेखन त्यांना घाईनं उलगडत नाही. पमिथा आपल्या संघात येते, आणि एका प्रतिस्पर्धी संघाची म्होरकी निघते तिची सख्खी बहीण, टमिथा. समोर कोण उभं आहे हे कळल्यावर तो सामना पहिल्यासारखा खेळता येत नाही.

ठरावीक काळानं मुक्तीचा विधी येतो. त्यात जिंकलं, की आपल्या संघातल्या एकाची शिक्षा माफ होते आणि तो कॉमनवेल्थमध्ये परततो. कोणाला पाठवायचं ते आपण ठरवायचं, पण निवड फक्त पुरेसा अनुभव मिळवलेल्यांतूनच. म्हणजे ज्याला आपण सर्वांत जास्त खेळवलं, घडवलं, बहुधा तोच दारात उभा असतो. तो गेला की संघात परत येत नाही. खेळात बक्षीस म्हणून ताकद वाढते, अशी आपली सवय. इथे विजयानंतर संघ दुबळा होतो, आणि ‘पायर’चं मोठेपण मला यातच दिसतं.

हरलो तर? गेम संपत नाही, मागेही जात नाही. समोरच्या संघातलं कुणीतरी सुटतं आणि कथा तिथूनच पुढे सरकते. प्रतिस्पर्ध्यांचीही दुःखं कळलेली असल्यानं काही वेळा मुद्दाम हरावंसं वाटतं, आणि गेम ते करूही देतो. शिवाय आकाशातले तारे विझत चाललेले असतात, मुक्तीचे विधी मोजकेच उरतात. सगळे काही घरी जाणार नाहीत.

अखेरीस कोण सुटलं, कोण मागे राहिलं आणि त्यांचं पुढे काय झालं, हे एकेकाच्या वाट्यानं सांगितलं जातं. डॅरेन कॉर्ब यांनी रचलेल्या शेवटच्या गाण्याचे शब्दही त्या निवडींप्रमाणे बदलतात. त्यामुळे दोघांनी हा गेम पूर्ण केला, तरी दोघांनी ऐकलेलं गाणं सहसा एकच नसतं.