पेन्सिल्व्हेनिया: अंड्यांचा भाव आणि मतदाराचा कल

हे जे उंचच्या उंच गंजलेलं लोखंड दिसतंय ना, ह्या बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्या. अमेरिकेतलं पेन्सिल्व्हेनिया राज्य, नॉर्थॅम्प्टन काउंटी. 1995 ला इथलं पोलाद बंद झालं, आता बाजूला कसिनो आहे आणि आसपास मोठमोठी वेअरहाउसेस. ह्या काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) डेमोक्रॅट ओबामांना दोनदा निवडलं, 2016 ला रिपब्लिकन ट्रम्प, 2020 ला डेमोक्रॅट बायडन, 2024 ला परत ट्रम्प. मग पोलवाले, म्हणजे मतचाचण्या घेणारे, इथे ठाण मांडून बसतात यात नवल ते काय.

कारण अख्ख्या राज्याचा निकालच काठावर असतो. 2016 ला साठ लाखांवर मतं पडली आणि फरक होता साधारण 44 हजारांचा, 2020 ला 80 हजारांचा. म्हणजे शंभरातल्या एकाचं मन बदललं तरी राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची सगळी 19 इलेक्टोरल मतं इकडची तिकडे.

आता 2024 घ्या. कागदावर सगळं छान होतं, बेकारी 4 टक्क्यांच्या आसपास, महागाईचा दर जून 2022 मध्ये 9.1 होता तो सप्टेंबर 2024 ला 2.4 वर आलेला. मग लोक वैतागलेले का? कारण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं हो, भाव वाढायचा वेग तेवढा कमी होतो, आणि बायडन आल्यापासून सगळं मिळून जे साधारण 20 टक्के महाग झालं होतं ते तसंच राहिलं. डझनभर अंडी 2021 च्या सुरुवातीला दीड डॉलरला होती, जानेवारी 2023 ला पावणेपाचच्या वर गेली. त्यात बर्ड फ्लूचा मोठा हात होता, पण बिल भरताना ते कोण बघतं? होमलोनचं व्याज 3 टक्क्यांच्या आतून 8 च्या जवळ गेलं, त्यामुळे तरुण जोडप्यांचं घर घ्यायचं लांबणीवर पडलं. हा त्रास खरा होता, आणि "इकॉनॉमी उत्तम आहे" असं त्यांना ऐकवत राहणं ही मोठी चूक होती असं मला ठामपणे वाटतं.

पोलमध्ये हे दिसतं कसं? आठशे-हजार लोकांना विचारतात, अर्थव्यवस्थेच्या बाबतीत भरवसा कोणावर? बहुतेक पोल्समध्ये ट्रम्प पुढे होते, जुलैमध्ये बायडन बाजूला होऊन डेमोक्रॅट्सच्या उमेदवार म्हणून कमला हॅरिस आल्या तेव्हा हे अंतर कमी झालं पण मिटलं नाही. फक्त एक सांभाळायचं, ह्या उत्तरात पक्षही बोलत असतो. निवडणूक झाल्या झाल्या रिपब्लिकन लोकांना अर्थव्यवस्था बरी वाटायला लागली आणि डेमोक्रॅट्सना वाईट, दुकानातले भाव तेच असताना! म्हणून पक्के पक्षवाले सोडा, जे दर वेळी नव्याने ठरवतात त्यांचं उत्तर बघा, चिंतेने मत हलतं ते तिथे.

राज्यातल्या शेवटच्या पोल्सच्या सरासरीत ट्रम्प आणि हॅरिस यांच्यात एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. 5 नोव्हेंबरला ट्रम्प इथे 1.7 टक्क्यांनी जिंकले, म्हणजे एवढ्या छोट्या सॅम्पलमध्ये जेवढा फरक चुकू शकतो तेवढ्यातच. देशभरच्या एक्झिट पोलमध्ये जवळपास 45 टक्के लोक म्हणाले की चार वर्षांपूर्वीपेक्षा आमची परिस्थिती वाईट आहे. आणि त्याच दिवशी ह्याच भागातून 2018 पासून निवडून येणाऱ्या डेमोक्रॅट खासदार सुझन वाइल्ड यांचीही सीट गेली.