शाळा पुन्हा उघडते तेव्हा

समोर बहुतेक शिक्षक आणि मुख्याध्यापक बसले आहेत, म्हणून थेट कामाचंच बोलते.

एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या साथीत, युनेस्कोच्या मोजणीनुसार, 190 हून अधिक देशांतले 150 कोटींहून जास्त विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांच्या बाहेर होते. शाळा भूकंपाने, पुराने, युद्धानेही बंद पडतात. कारण कोणतंही असो, दार पुन्हा उघडलं की शिक्षक मला एकच प्रश्न विचारतात : मुलांच्या मनात साचलेलं बाहेर कसं काढायचं?

माझं उत्तर असं की काढायला जाऊ नका. एके काळी आपत्तीनंतर लगेच लोकांना गटात बसवून, घडलेलं सगळं एकाच बैठकीत बोलायला लावायची पद्धत होती. नंतर तिची तपासणी झाली, तेव्हा पुढचा त्रास त्याने टळत नाही असं दिसलं. काही अभ्यासांत तर अशा बैठकीला बसलेल्यांचा त्रास जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटना आज त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते. 2011 च्या तिच्या मार्गदर्शिकेत तीन कामं सांगितली आहेत : पाहा, ऐका, लागेल त्या मदतीशी जोडून द्या. बोलायला भाग पाडणं त्यात नाही. म्हणून पहिल्याच दिवशी भर वर्गात ‘कुणाच्या घरी काय झालं ते सांगा’ असं कृपा करून म्हणू नका. ज्याला सांगायचंय त्याला तुम्ही कधी आणि कुठे एकटे भेटाल, एवढं कळू द्या.

मग करायचं काय? मानसशास्त्रज्ञ स्टीवन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये आपत्तीनंतरच्या आधाराची पाच सूत्रं मांडली : सुरक्षितता, शांत होणं, आपल्या हातून काही होऊ शकतं हा विश्वास, माणसांशी नातं आणि आशा. माझ्या मते यातलं बरंचसं शाळेच्या रोजच्या दिनक्रमातूनच मिळतं. आठवड्यातून एक ‘भावनांचा तास’ ठेवायचा आणि उरलेले सगळे तास धाकात चालवायचे, याने काहीच साधत नाही.

सगळ्यात जास्त भर मी दिनक्रमावर देईन. कित्येक मुलांनी महिनोन् महिने उद्या काय होणार हे न कळता काढलेले असतात. घरातलं माणूस गेलेलं असतं, कुणाची कमाई थांबलेली असते. अशा मुलाला सकाळी फळ्यावर दिवसभराचं वेळापत्रक लिहिलेलं दिसलं, आज कुठला तास बदललाय हे आधी कळलं, दारात रोज तेच शिक्षक नावाने हाक मारायला उभे असले, तर त्याचा जीव थाऱ्यावर येतो. शिस्त हवीच, पण कोणत्या चुकीला काय होणार हे आधीच ठाऊक असलेली. आज दुर्लक्ष आणि उद्या आरडाओरडा, याने मूल सतत सावध राहतं. आणि सावध मन शिकत नाही. काळजीने डोकं भरलेलं असलं की हातातलं गणित धरून ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात गुणांची चाचणी घेतलीत, तर मागे पडलेला अभ्यास किती आणि भीती किती, हे तुम्हाला त्यातून वेगळं करता येणार नाही. काय राहिलंय ते पाहायलाच हवं. पण ते बिनगुणांच्या छोट्या कामांतून पाहा आणि मुलांना तसं स्पष्ट सांगा.

लहान मुलं पुन्हा अंगठा चोखतील, आईला सोडणार नाहीत. मोठी चिडतील, नाहीतर गप्प होतील. यातलं पुष्कळसं काही आठवड्यांत ओसरतं. आपलं लक्ष सहसा जात नाही ते वेगळ्याच मुलांकडे : शाळा बंद झाल्यावर ज्यांना सुटल्यासारखं वाटलं त्यांच्याकडे. ज्यांना चिडवलं जात होतं, मारलं जात होतं, त्यांच्यासाठी शाळा उघडणं हेच संकट आहे. मधल्या सुट्टीत, जिन्यात, स्वच्छतागृहाजवळ कोण लक्ष ठेवतंय, हे पहिल्या दिवसापूर्वी ठरलेलं हवं. शाळा टाळणाऱ्या मुलाला घरी जितका काळ राहू द्याल, तितकं परतणं अवघड होतं. दोन तासांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावा.

शिक्षकांचंही बोलायला हवं. तुमच्यापैकी अनेकांनी त्याच काळात आपली माणसं गमावली असतील. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, पहिले काही आठवडे कागदी कामं कमी करा.

आणि एक गोष्ट थांबवून ठेवायची नाही. मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, स्वतःला इजा करत असल्याचं दिसलं, तर त्याच दिवशी हालचाल करा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्यांना सांगावं लागेल त्यांना आपण मिळून सांगू’ असं म्हणा. त्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाला बोलवा, पालकांना कळवा. धोका घरातच असेल, तर पालकांशी बोलण्याआधी मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला गाठा. समुपदेशकाचा आणि या यंत्रणेचा फोन नंबर आजच शिक्षक-खोलीच्या भिंतीवर लावा.