फोटोखालची बारीक ओळ

नमस्कार मंडळी! आपल्या युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन फॅशन मासिक आहे ना, जे विद्यार्थीच चालवतात, त्याची मी सध्याची संपादक. या कार्यक्रमात काहीही बोल म्हणाले, तर मी ठरवलं की क्रेडिट लाइनबद्दल बोलायचं. म्हणजे फोटोखाली बारीक अक्षरात जी ओळ असते, फोटो कोणी काढला, मॉडेल कोण, मेकअप कोणाचा, कपडे कुठले, ती. स्क्रोल करताना ती कोणी वाचत नाही हे मला माहितीये, पण आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ त्या ओळीवरच जातो आणि तो जायलाच पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे.

एक साधं शूट घ्या, ट्रॅडिशनल डेच्या आधीचं. थीम ठरते, मूडबोर्ड बनतो, आणि मग कळतं की कपडे विकत घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा सगळं गोळा करायचं, कोणाच्या आजीची साडी, तुळशीबागेतली नथ, जुन्या बाजारात मिळालेली लेदर बॅग, शेजारच्या रूममधल्या मुलीचं जॅकेट. ब्लाउज मॉडेलला होत नाही, मग गेटसमोरचे टेलरकाका एका संध्याकाळीत बाजूची शिलाई उसवून आत दाबलेलं कापड सोडून देतात. शूट भल्या सकाळी, कारण नंतर ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. एक जण थर्माकोलची शीट रिफ्लेक्टर म्हणून धरून उभा, हात भरून आले तरी हलायचं नाही, एक जण सेफ्टी पिना घेऊन निऱ्या सांभाळतेय, एक जण दादापुता करून वॉचमनकाकांना समजावतोय की परमिशनचं पत्र ऑफिसात दिलंय. नंतर एडिटिंग, आणि प्रत्येक फोटो बारीक करणं, कारण कॅमेऱ्यातून आलेला आठ-दहा एमबीचा फोटो तसाच टाकला तर होस्टेलच्या वायफायवर पेज उघडणारच नाही. एवढं सगळं झाल्यावर साइटवर दिसतात मॉडेलचे दहा-बारा फोटो, बाकीचे सगळे गायब.

म्हणून आमच्याकडे एक फॉर्म आहे, शूटच्याच दिवशी भरायचा. साडी कोणाची, नेसवली कोणी, ब्लाउज कोणी सैल केला, रिफ्लेक्टर कोणी धरला, सगळं. फॉर्म नसेल तर फोटो लागत नाहीत, सबमिशन असो नाहीतर ओरल्स. टेलरकाकांचं नाव साइटवर आलं तेव्हा त्यांनी ती लिंक सेव्ह करून ठेवली आणि पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना दाखवत होते. एवढी वर्षं युनिव्हर्सिटीतल्या मुलामुलींचे कपडे शिवतायत, गॅदरिंगचे, फेअरवेलचे, पण त्यांचं नाव त्याआधी कुठे आलेलंच नव्हतं.

आता तुम्हाला जून २०२५ आठवत असेल. मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात जे होतं ते बघून इथे कुठल्याही शाळकरी मुलाने सांगितलं असतं की ही कोल्हापुरी आहे, पण त्यांनी लिहिलं होतं फक्त लेदर सँडल्स. गदारोळ झाला, मग त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हातांनी बनवलेल्या चपलांची आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर, म्हणजे महाराष्ट्राचं आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ, यांच्यासोबत करारही झाला. तेव्हा कॅम्पसवर प्रत्येकाच्या स्टोरीला तोच विषय होता, सगळे चिडलेले, आणि बरोबरच होतं ते. मला एवढंच म्हणायचंय की जो प्रश्न आपण इटलीतल्या कंपनीला विचारला तो आपल्या मासिकालाही विचारायचा. आपण कॅप्शनमध्ये नुसतं ‘एथनिक फूटवेअर’ लिहिणार असू तर मग फरक काय राहिला?

आणि नीट लिहायचं तर अभ्यास लागतो हां. कोल्हापुरीला जीआय टॅग, म्हणजे ही ठरावीक भागातली खास वस्तू आहे असं सरकारी मानांकन, मिळाला २०१९ मध्ये, तो दोन्ही राज्यांना मिळून आहे, इकडचे चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि तिकडचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे तुमच्या पायातली कोल्हापुरी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत बनलेली असू शकते आणि तरीही ती अस्सलच. खणाचंही तसंच, आपल्याकडे चोळीला, परकराला, आता तर कुर्त्यांना आणि बॅगांनाही खण वापरतात आणि मराठमोळा म्हणून मिरवतात, पण तो विणला जातो बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला. तिथल्या विणकरांचा उल्लेख कॅप्शनमध्ये आला म्हणून खण आपल्यासाठी परका होत नाही.

पैठणीचं तर विचारूच नका. हातमागावरची येवल्याची पैठणी उलटून बघा, पदरावरचा मोर मागच्या बाजूनेही तसाच स्वच्छ दिसतो, यंत्रमागावरची असेल तर मागे धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले दिसतात. आमच्या शूटला येणाऱ्या बहुतेक पैठण्या सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या, असतात आणि त्यात कमीपणा कसला, विद्यार्थ्यांच्या घरात जे आहे तेच येणार ना! फक्त आम्ही सेमी असेल तर सेमी लिहितो. कारण येवल्यात एखादा विणकर महिनोन्महिने एका साडीवर बसतो, आणि आपण दोन्हीला एकच नाव दिलं तर त्याच्या कामाची किंमत आपणच कमी केली.

स्वस्त कपड्यांचं काय? कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून किंवा ॲपवरून घेतलेला टॉप कोणी शिवला हे कळायला मार्गच नसतो, तिथे लेबलवर जे लिहिलंय तेच आम्ही देतो, कुठल्या देशात बनलाय, कापड कुठलं. एका ज्युनिअरने विचारलं, याचा काय उपयोग? मी तिला राणा प्लाझाबद्दल सांगितलं. ढाक्याजवळ सावारला २४ एप्रिल २०१३ ला ती इमारत कोसळली, आत कपड्यांचे कारखाने होते, १,१३४ माणसं गेली, त्यात बायका जास्त. त्यानंतर तिथल्या कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यात लेबलं शोधावी लागली, कुठल्या ब्रँडचे कपडे तिथे शिवले जात होते हे सिद्ध करायला. मग लेबलला क्षुल्लक कसं म्हणायचं तुम्हीच सांगा. त्याच घटनेनंतर ‘माझे कपडे कोणी बनवले’ हा प्रश्न ब्रँडना जाहीरपणे विचारायची मोहीम सुरू झाली, दर एप्रिलमध्ये असते, आमचा एप्रिलचा अंक त्यावरच असतो, परीक्षा तोंडावर असल्या तरी.

फोटोग्राफरची गोष्ट वेगळी. बऱ्याच जणांना वाटतं फोटो मॉडेलचा, नाहीतर मासिकाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच पहिला मालक, पैसे देऊन काढून घेतला असेल किंवा वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. आपण कोणाला पैसे देत नाही, म्हणजे फोटो त्या मुलाचा किंवा मुलीचा, आपण फक्त परवानगीने वापरतो, आणि ती लेखी हवी. कॅम्पसबाहेरच्या एका बुटिकने आमचा फोटो क्रेडिट कापून स्वतःच्या जाहिरातीत लावला, आम्ही बोललो तर म्हणे तुमचीच पब्लिसिटी झाली की. नाव कापल्यावर कोणाची पब्लिसिटी?

पैशांचंही त्याच ओळीत येतं. दुकानदार म्हणतात, दोन कुर्ते फ्री देतो, छान लिहा. फ्री कुर्ता म्हणजे जाहिरातच. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक खात्यानेही मार्गदर्शक सूचना काढल्या, की काही मिळालं असेल तर ते ठळक सांगायचं. आम्ही पहिल्याच ओळीत सांगतो. त्यामुळे काही स्पॉन्सर गेले. जाऊ देत.

आता याची दुसरी बाजू, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येकाला नाव हवंच असतं असं नाही. कॅम्पसवर चालता चालता एखाद्या मुलीचा स्ट्रीट स्टाइल फोटो काढतो, ती आनंदाने उभी राहते, पण घरी कळलं तर काय होईल हे तिलाच माहीत. म्हणून आधी फोटो तिला दाखवायचा, मग विचारायचं नाव टाकू का, पूर्ण की नुसतं पहिलं, की काहीच नको. डिपार्टमेंट, होस्टेल कधीच नाही. आणि नंतर कधीही, अगदी पास आऊट होऊन नोकरीला लागल्यावरही, काढून टाका म्हणाली तर कारण न विचारता काढायचा. यावर आमच्या टीममध्ये खूप वाद झाले, कव्हरचा फोटो काढावा लागला तेव्हा तर फारच, पण मी यावरून हलले नाही.

राहता राहिलं हँडओव्हर. विद्यार्थ्यांचं मासिक म्हटलं की दर दोन-तीन वर्षांनी अख्खी टीम बदलते, आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या तरी पर्सनल मेलवर असेल तर रिन्यूअलचा मेल भलतीकडेच जातो आणि जुने अंक, सगळ्यांच्या नावांसकट, एका दिवसात उडतात. म्हणून आपलं डोमेन मासिकाच्याच मेलवर आहे, पासवर्ड फॅकल्टी मॅडमकडेही आहे, आणि सगळ्या फोटोंची एक कॉपी डिपार्टमेंटच्या हार्ड डिस्कवर.

जुलैत नवीन टीम घेतोय. कॅमेरा नसला, फॅशनचं शिक्षण नसलं तरी काही बिघडत नाही, आमच्याकडे गणितवाले आहेत, लॉवाले आहेत. नीट इस्त्री करता येणारे हवेत, शुद्ध मराठीत कॅप्शन लिहिणारे हवेत, साइट सांभाळणारा एक जण तर तातडीने हवाय. आणि ज्यांच्या घरी कोणी विणकाम, शिवणकाम, चपलांचं काम करतं त्यांनी तर याच, त्यांच्या कामावर दिवाळीच्या अंकात मोठा भाग करायचा आहे, त्यांना विचारून, आणि त्यांनी हो म्हटलं तर नावानिशी. कॉलेज सुरू झालं की नोटीस बोर्डवर तारीख लागेल.