गोष्ट आवडली, तरी सिनेमाला नाही का म्हणतो?

(टेबलावर कागदांचा गठ्ठा. वरचं बाड उचलून कॅमेऱ्यासमोर.)

हे बाड बघा. एकशे अठरा पानं, स्पायरल बाइंडिंग, आणि वर चहाच्या कपाचा गोल डाग. डाग माझा आहे. ही स्क्रिप्ट मी एका बैठकीत वाचली, रात्री साडेअकरा ते दीड. शेवटच्या दहा पानांत चहा गार झाला आणि मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेखकाला फोन केला आणि सांगितलं, आपण हा सिनेमा करत नाही आहोत.

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "ताई, आवडली नाही का?"

आवडली ना! म्हणून तर आजचा व्हिडिओ.

मी पुण्यातल्या एका छोट्या निर्मिती संस्थेत काम करते. आमच्याकडे येणाऱ्या गोष्टींतली कुठली करायची हे आम्ही तिघं ठरवतो. एकाकडे पैसा आहे, दुसऱ्याकडे अनुभव आहे, माझ्याकडे हा गठ्ठा आहे. आणि बाहेरच्यांना वाटतं की आम्ही चांगल्या-वाईट गोष्टी निवडत बसतो. वाईट गोष्टीला नाही म्हणायला वीस पानं पुरतात हो. झोप उडते ती चांगल्या गोष्टींमुळे.

तर ही स्क्रिप्ट पानशेतच्या पुरावर आहे, म्हणजे धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं त्या पुरावर. १२ जुलै १९६१. पेठेतल्या कुठल्याही जुन्या घरात जा, आजी भिंतीवर हात ठेवून दाखवतात, "पाणी इथपर्यंत." गोष्ट शनिवार पेठेतल्या एका वाड्याची. तळमजल्यावर मालकीणबाई, वर भाडेकरू. दोघांची कोर्टात केस चालू, सहा वर्षं बोलणं बंद. त्या सकाळी नदी वाड्यात शिरते आणि मालकीणबाईंना जीव वाचवायला जावं लागतं ते नेमकं भाडेकरूच्या माळ्यावर. पुणेकराला याहून मोठं संकट सुचणार नाही.

पण पोरानं एकशे अठरांपैकी चाळीस पानं पुराला दिली होती. लकडी पूल पाण्याखाली, वाहून जाणारी जनावरं, ढासळणारे वाडे, लष्कराचे जवान. मी विचारलं, हे कसं करायचं? म्हणाला, "व्हीएफएक्स, ताई." म्हणजे कॉम्प्युटरवर करू. व्हीएफएक्स हा शब्द हल्ली लेखक असा वापरतात, जसा पूर्वी 'देवाची कृपा' वापरायचे.

बरं, पूर राहू दे बाजूला. नुसतं १९६१ दाखवायचंय. आज शनिवार पेठेत कॅमेरा लावा आणि अशी एक फ्रेम शोधून दाखवा ज्यात केबलची वायर नाही, फ्लेक्स नाही, पार्किंगमधली स्कूटर नाही. प्रत्येक शॉट एकतर पुसायचा, नाहीतर सेट बांधायचा. आमच्या अनुभवी भागीदारांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. साडेसात कोटी. त्यात वर्षश्राद्धाच्या जेवणासारखं 'आयत्या वेळचं' काही धरलेलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? सिनेमा चांगला असेल तर पैसे वसूल होतील की. चला, मोजू.

(फळ्यावर लिहीत.)

तिकीट धरा १५० रुपये. त्यातला जीएसटी १८ टक्के काढला की राहतात साधारण १२७. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात यातले निम्मे थिएटरवाल्याचे. दुसऱ्या आठवड्यात आपला वाटा साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून तीस. हे गणित २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने भांडण झालं तेव्हा ठरलं, आणि अजून साधारण तेच धरून चालतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात आपल्या हातात साडेत्रेसष्ट. त्यातलं वितरकाचं कमिशन दहा टक्के धरलं की उरले ५७ रुपये. १५० चे ५७. डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वेगळे द्यायचे, ते मी इथे धरतही नाही.

साडेसात कोटींचा सिनेमा, एक कोटी प्रसिद्धीला. साडेआठ कोटी भागिले ५७. जवळजवळ पंधरा लाख माणसं. तीही सगळी पहिल्या आठवड्यात यायला हवीत, कारण उशिरा येणारा प्रेक्षक आपल्याला कमी पैसे देतो. आणि मराठी प्रेक्षक तर "आधी कुणीतरी बघून येऊ दे" म्हणणारा. म्हणजे तो नेमका तिसऱ्या आठवड्यात उगवतो, जेव्हा शो सकाळी सव्वानऊचा उरलेला असतो.

हाच सिनेमा सगळं धरून तीन कोटींत झाला तर? सव्वापाच लाख माणसं. अडीचशे खुर्च्यांचं थिएटर धरलं तर एकवीसशे हाउसफुल शो. हेही डोंगराएवढंच आहे. पण टीव्ही आणि ओटीटीकडून मिळून एक कोटी सुटले, तर साडेतीन लाखांवर येतं. तिथे निदान बोलणं सुरू करता येतं.

म्हणून आमच्याकडे गोष्ट आवडली की पुढचा प्रश्न हा असतो: ही गोष्ट कमीत कमी किती पैशांत हीच गोष्ट राहते?

नीट ऐका हं. 'कमीत कमी किती पैशांत होईल' असं नाही विचारत मी. होईल तर काहीही, कितीतही. शिवकालीन लढाई तीस माणसांतही होते, फक्त ती बघताना शाळेच्या गॅदरिंगची आठवण येते. ती गोष्ट तिच्या किमतीखाली गेली की मरते. तिला पैसे नसतील तर हात लावू नये. उलट 'श्वास' घ्या. एक आजोबा, एक नातू, एक डॉक्टर, एक हॉस्पिटल. मुलाचे डोळे जाणार आहेत, आणि त्याआधी त्याला जग दाखवायचंय. त्यात दहा पट पैसे ओतले असते तरी ती गोष्ट दहा पट मोठी झाली नसती. २००४ साली 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला ते मिळालं, आणि भारताकडून ऑस्करलाही तोच सिनेमा गेला.

मग पानशेतच्या गोष्टीची किंमत काय? मी बाड परत उघडलं आणि पेन्सिलीने खुणा करत गेले. जिथे मला रडू आलं तिथे रेघ. सगळ्या रेघा माळ्यावर निघाल्या. लकडी पुलावर एकही नाही.

थांबा, तिकडे येते परत. आधी दोन-तीन गोष्टी भरभर सांगून टाकते, कारण कमेंटमध्ये हमखास विचारतात.

अनुदान. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असे हे आकडे बरीच वर्षं चालत आलेत. ताजा शासन निर्णय तुम्ही स्वतः वाचा. पण सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण झाल्यावर ते मिळतं. गोष्ट निवडताना ते हिशेबात धरणं म्हणजे न झालेल्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण छापणं.

सेन्सॉर. वास्तववादी संवाद म्हणून पानोपानी शिव्या लिहिणारे लेखक येतात. लिहा, माझी ना नाही. पण 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या सर्टिफिकेटचा सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. मराठी निर्मात्यासाठी टीव्हीचे पैसे ही छोटी बाब नाही. म्हणून मी विचारते, या शिव्या काढल्या तर तुझं पात्र मुकं होतं का? होत असेल तर ठेव, आपण टीव्ही विसरू. बहुतेकदा होत नाही.

एकांकिका. पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, फिरोदिया आहे, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धा, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या स्क्रिप्ट कधीतरी एकांकिका होत्या. पहिली चाळीस पानं झकास. मग चिंगम. चाळीस मिनिटांत संपायला जन्मलेली गोष्ट ओढून दोन तासांची करू नये. एवढंच.

हक्क. इथे मात्र जरा बसा. कादंबरीवर सिनेमा करायचाय? लेखक जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर हक्क वारसांकडे असतात. आणि वारस म्हणजे सगळे वारस. एका प्रकल्पावर आम्ही आठ महिने घालवले. पटकथा झाली, नट ठरला, आणि मग कळलं की लेखकाच्या धाकट्या मुलीची सहीच नाही, आणि तिचं थोरल्या भावाशी बोलणं नाही. ती म्हणाली, "दादानं सही केलीय ना? मग मी करणार नाही." सिनेमा तिथे संपला. करारात मुदत लिहा हेही ऐकून ठेवा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि उलट बाजूने, घेतलेले हक्क वर्षभर वापरले नाहीत तर ते रद्द समजले जातात, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. सिनेमाला वर्ष म्हणजे काहीच नाही. नट तारखा देईपर्यंत वर्ष जातं.

आणि प्रेक्षक कोण, हा प्रश्न. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला. बायका घोळक्यानं, नटूनथटून थिएटरात गेल्या. पुढचं वर्षभर माझ्याकडे आलेला जो तो सांगत होता, "ताई, याला लेडीज ग्रुप येणार." अहो, आज निवडलेली गोष्ट पडद्यावर यायला दोन वर्षं लागतात. गेल्या वर्षीच्या गर्दीसाठी सिनेमा निवडणं म्हणजे सुटलेल्या पीएमटीमागे धावणं. मी प्रेक्षक असा विचारते: कोण कुणाला फोन करून "चल" म्हणेल? त्या वाड्याच्या गोष्टीत मला उत्तर दिसत होतं. चाळिशीतली मुलं आईवडिलांना घेऊन जातील. म्हणजे एका फोनवर तीन तिकिटं.

आता परत माळ्यावर.

मी त्या पोराला लॉ कॉलेज रोडला चहाला बोलावलं. मुद्दाम तिथे, कारण समोर एफटीआयआय, सिनेमा शिकवणारी संस्था, म्हणजेच जुना प्रभात स्टुडिओ. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्यात आली. त्याला म्हटलं, तुला माहितीये, १९४१ साली या आवारातल्या लोकांनी 'शेजारी' केला, त्यात शेवटी धरण फुटतं? पानशेतच्या वीस वर्षं आधी! पण त्यांनी एकाच वेळी हिंदीत 'पडोसी'ही केला. सेट एकदा उभा करायचा, गल्ला दोन भाषांतून आणायचा. धरण फोडायची ऐपत त्यांनी अशी कमावली. तुझ्याकडे दुसरा गल्ला आहे का?

म्हणाला, नाही.

मग त्याला फाळक्यांचं सांगितलं. १९१२ मध्ये फाळक्यांना भांडवल हवं होतं आणि सिनेमा काढता येतो यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना दाखवलं. इवलीशी फिल्म. ती बघून पैसे देणारे पुढे आले, आणि पुढच्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांनी सावकाराला हरिश्चंद्राची अख्खी गोष्ट ऐकवत बसण्यापेक्षा वाटाणा दाखवला. म्हटलं, तू मला तुझा वाटाणा आण. पाणी न दाखवता पूर दाखव. चार मिनिटं.

तो सहा आठवडे गायब. मला वाटलं, रागावला. मग एक फाइल आली.

सदाशिव पेठेतल्या कुणाच्या तरी खऱ्या माळ्यावर, फोनवर चित्रित केलेली. दोन नट, एक कंदील. खालून आवाज येतोय. आधी कळत नाही कसला. मग कळतं, स्वयंपाकघरातली भांडी तरंगून एकमेकांवर आपटतायत. मालकीणबाई भाडेकरूकडे पाठ करून जिन्याच्या तोंडाशी बसल्यायत. खाली बघतायत आणि मधूनच आकडा म्हणतायत. "नऊ." भांड्यांचा आवाज. "आठ." भाडेकरू विचारतो, काय मोजताय? सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलते. "पायऱ्या. उरलेल्या."

पाण्याचा एक थेंब नाही चार मिनिटांत. माझ्या हाताला काटा आला.

(दुसरं, पातळ बाड दाखवून.)

ही नवी स्क्रिप्ट. ब्याऐंशी पानं. लकडी पूल फक्त एकदा येतो, रेडिओवरच्या बातमीत. अनुभवी भागीदारांचा पाठकोरा कागद म्हणतोय सव्वादोन कोटी, प्रसिद्धी वेगळी. बुधवारी आम्ही तिघं बसतोय. मी हो म्हणणार आहे. अनुभवी भागीदार जनरेटरचं भाडं विचारणार. आणि ज्यांचा पैसा आहे त्यांचा प्रश्न मला आत्ताच माहितीये, त्याची तयारी करायलाच मी आता कॅमेरा बंद करतेय: "सगळं ठीक आहे, पण माळ्यावर गाणं कुठे बसवायचं?"