मे महिन्यातला डबा

परभणी. मे महिना, दुपारचे दोन. पत्र्याच्या खोलीत पंखा फिरतोय, पण वारा गरमच. कोनाड्यात तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी क्रिएटिनचा, म्हणजे ताकदीसाठी घ्यायच्या पावडरीचा, अडीचशे ग्रॅमचा डबा. पोरगा पहाटे तालमीत जातो, वडील दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात. त्यांचे दोन-तीन रोज या डब्यात गेलेत. म्हणून पोराचा जीव टांगणीला लागलाय: या उन्हानं पावडर वाया तर जाणार नाही?

नाही जाणार. कोरडं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे हीच पावडर, भलतं चिवट असतं. ४० अंशांत तीन वर्षांहून जास्त ठेवून तपासलं, तरी ते मोडल्याची खूण सापडली नाही. ६० अंशांत ४४ महिने ठेवलं, तेव्हा कुठे क्रिएटिनिनचा, म्हणजे क्रिएटिन मोडून होणाऱ्या पदार्थाचा, जरासा अंश दिसला. आपला उन्हाळा या पावडरीला सोसतो.

सोसत नाही ते पाणी.

ही बाटली बघा. रात्रीच लिंबूपाण्यात क्रिएटिन कालवून ठेवलीय, सकाळी घाई नको म्हणून. पाण्यात विरघळलं की क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होऊ लागतं, आणि आंबटपणा जितका जास्त तितकं लवकर. पीएच हे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. २५ अंशांत, ५.५ पीएचच्या पाण्यात तीन दिवसांत साधारण ४ टक्के जातं, पीएच ३.५ वर आणला की २१ टक्के. आणि या खोलीत २५ अंश कुठले! क्रिएटिनिन विषारी नाही, मूत्रपिंडं ते गाळून टाकतात. पण ताकदीला त्याचा उपयोग शून्य. मजुरीचा पैसा असा बाटलीत विरताना बघवत नाही. कालवलं की लगेच प्यावं.

रोज ३ ग्रॅम धरले तर हा डबा ऐंशी दिवसांवर पुरतो. म्हणजे मृग, आर्द्रा याच डब्यावरून जाणार. तेव्हा खडे होतील. म्हणून डबा फेकू नका; खडा दोन बोटांत चुरला, वास-रंग तोच असला, तर माल चांगला आहे. ओला चमचा मात्र आत नको. फ्रीजही नको: गार डबा दमट हवेत उघडला की आत दव धरतं. डब्यातली ओल शोषणारी पांढरी पुडी आतच राहू द्या.

पोरानं चमचा टॉवेलला दोनदा पुसला, सपाट भरला, पेल्यात ढवळला. उभ्या उभ्या प्याला. मग झाकण फिरवलं, करकचून.